साखर गेली कुठे?

दिवाळीला पंधरा दिवस उरले की शाळांच्या पटांगणांत आणि मंगल कार्यालयांत गृहउद्योगांची प्रदर्शने भरतात. भाजणी, उटणे, आकाशकंदील, पणत्या आणि अलीकडे हमखास दोन-तीन टेबले चॉकलेटांची. गेल्या वर्षी अशाच एका टेबलावर सोनेरी चांदीत गुंडाळलेल्या चॉकलेटांचे डबे रचून ठेवले होते. डब्यावर हिरवा स्टिकर होता: ‘शुगर फ्री – डायबेटीससाठी खास’. साखर नाही तर गोडी कशाची, असे विचारल्यावर टेबलामागच्या ताई मोकळेपणाने म्हणाल्या, “काका, बिनधास्त घ्या. साखरेचा कण नाही. डार्क कंपाउंड आहे, आत खजुराचा गर आणि वर थोडा मध. माझे सासरे रोज दोन खातात.”

एका दमात त्यांनी तीन ठिकाणची साखर सांगितली होती. कंपाउंडच्या स्लॅबमधली, खजुरातली आणि मधातली. त्या फसवत होत्या असे मुळीच नाही. फसवणारा माणूस सासऱ्यांना रोज दोन देत नाही. त्यांच्या हिशेबात साखर म्हणजे किराणावाल्याकडून येते ती, डब्यातली पांढरी, दाणेदार. ती त्यांनी हाताने घातली नव्हती, म्हणून ती नव्हतीच. हा हिशेब एकट्या त्या ताईंचा नाही. घराघरांत तो असाच मांडला जातो, आणि ज्यांच्यासाठी मांडला जातो त्यांची संख्या आता लहान राहिलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे दिवाळीचा डबा ज्या घरात जाईल, तिथे तो उघडणाऱ्यांत एखादा तरी मधुमेही असणार, असे धरूनच चालावे.

घरगुती चॉकलेट म्हणून जे बहुतेक ठिकाणी बनते, ते कसे बनते ते आधी पाहू. बाजारातून अर्धा किलोचा स्लॅब येतो. तो सुरीने चिरून काचेच्या भांड्यात घालायचा, मायक्रोवेव्हमध्ये तीस-तीस सेकंदांनी ढवळत वितळवायचा, साच्यात ओतायचा. साचा ओट्यावर चार वेळा आपटला की बुडबुडे निघून जातात. मग दहा मिनिटे फ्रिजमध्ये. चॉकलेट टकटक वाजत साच्यातून सुटते आणि शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी आपण कारागीर झाल्यासारखे वाटते. हे इतके सोपे आहे, कारण तो स्लॅब खऱ्या चॉकलेटचा नसून कंपाउंडचा असतो. खऱ्या चॉकलेटमधली चरबी म्हणजे कोको बटर. ते साधारण ३४ अंशांना, म्हणजे जिभेवर, वितळते. त्याचे स्फटिक सहा प्रकारांनी बांधले जाऊ शकतात आणि चकाकी व ‘कट्’ असा तुटण्याचा आवाज त्यांतला एकच प्रकार देतो. त्यासाठी चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवून २७-२८ पर्यंत खाली आणायचे आणि पुन्हा ३१-३२ ला न्यायचे, अशी तापमानाची कसरत करावी लागते. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी बहुधा पाम कर्नलसारखे वनस्पती तेल असते, त्यामुळे ही कसरत टळते. उरतो तो थोडा कोको आणि भरपूर साखर. सर्वसाधारण कंपाउंड स्लॅबचे जवळपास अर्धे वजन साखरेचे असते. दहा ग्रॅमचा एक लहान तुकडा घेतला, तर त्यात चहाचा एक चमचा साखर आलीच. ‘डार्क’ या शब्दाने यात फारसा फरक पडत नाही. कंपाउंडच्या बाबतीत तो अनेकदा नुसता रंग सांगतो.

आता त्या ताईंचा खजूर. बिया काढलेल्या १०० ग्रॅम खजुरात ६० ग्रॅमहून जास्त साखर असते. मधात तर १०० ग्रॅमला ८० च्या आसपास. गुळाचा मोठा भाग म्हणजे उसाचीच साखर, सोबत थोडी खनिजे आणि आजीच्या हातची आठवण. खजुरात तंतू असतात, त्यामुळे त्यातली साखर रक्तात जरा सावकाश उतरते, हे खरे. पण सावकाश आली तरी ती येतेच. ‘नैसर्गिक’ हा शब्द आपल्याकडे इतका पवित्र झाला आहे की त्याच्यापुढे मोजमाप काढणे उद्धटपणाचे वाटते. यकृत आणि स्वादुपिंड मात्र साखरेचे गाव-गोत्र विचारत नाहीत. कायद्यालाही हा भेद मान्य नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या दाव्यांविषयीच्या नियमांप्रमाणे, मध घातलेल्या पदार्थावर ‘साखर घातलेली नाही’ असेही लिहिता येत नाही, मग ‘शुगर फ्री’ तर दूरच. ‘शुगर फ्री’ म्हणायचे तर १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर चालत नाही. यात एक गंमत दडलेली आहे. दुधाची पावडर घातली की तिच्यासोबत दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, येते. साय न काढलेल्या दुधाच्या पावडरीच्या वजनात तिचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक असतो. म्हणजे साखरेचा दाणाही न घालता केलेले मिल्क चॉकलेटसुद्धा त्या अर्ध्या ग्रॅमच्या रेषेच्या कितीतरी पलीकडे जाते.

मग खरोखर साखर काढायची ठरवली तर? इथे घरच्या स्वयंपाकघराची पहिली अडचण उभी राहते, आणि ती चवीची नाही. चॉकलेटमध्ये साखर म्हणजे वजन असते. १०० ग्रॅममधून ४५ ग्रॅम साखर काढली तर ४५ ग्रॅमचा खड्डा पडतो. सुक्रालोज साखरेच्या सहाशे पट गोड असते. तेवढ्या गोडीसाठी त्याचे एका ग्रॅमच्या दहाव्या भागाहून कमी वजन पुरते, चिमटीतही येणार नाही इतके. स्टेव्हियाचेही असेच, दोनशे-तीनशे पट गोड. गोडी आली, पण खड्डा कशाने भरायचा? टेबलावर ठेवायच्या गोडव्याच्या पुड्यांमध्ये हा खड्डा बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिनने भरलेला असतो. ते स्टार्चपासून बनते, चवीला जवळजवळ अळणी असते आणि रक्तातली ग्लुकोज साखरेहूनही झपाट्याने चढवते. चहात एक पुडी घातली तर तो अंश इतका थोडा की सोडून द्यावा. पण अर्धा किलो चॉकलेटच्या मिश्रणात कोणी पन्नास पुड्या फोडल्या, की जी गोष्ट टाळायची होती तीच मागच्या दाराने घरात येते.

तयार ‘शुगर फ्री’ स्लॅबमध्ये हा खड्डा सहसा माल्टिटॉलने भरतात. ते साखरेच्या पाऊणपटीहून जास्त गोड असते, साखरेसारखेच वागते आणि कारखान्याला सोयीचे पडते. त्याचा काही भाग मात्र पचून रक्तात ग्लुकोज म्हणून येतोच, म्हणजे ते साखरेपेक्षा सौम्य असले तरी शून्य नाही. साखरेच्या ग्रॅमला चार कॅलरी, याच्या सुमारे दोन. थोडे गणित करून पाहा. १०० ग्रॅम चॉकलेटमध्ये ३५ ग्रॅम चरबी धरली तर तिच्याच ३१५ कॅलरी होतात. ४५ ग्रॅम साखरेच्या १८०. ती काढून माल्टिटॉल घातले तर ९५. एकूण वजावट ८५ कॅलरींची, तीही अख्खे १०० ग्रॅम खाल्ले तर. ज्याला मधुमेहासोबत वजनही उतरवायचे आहे (आणि आपल्याकडे बहुतेकांना ते उतरवायचे असतेच) त्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. शिवाय माल्टिटॉलचा जो भाग पचत नाही तो मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. पोट गडगडते, फुगते, जास्त खाल्ले तर ढाळही लागतात. पॉलिऑल, म्हणजे माल्टिटॉलच्या जातीचे गोडवे, असलेल्या पॅकबंद पदार्थांवर तसा इशारा छापावा लागतो तो याचसाठी. पण घरी बनवणाऱ्याने स्लॅबचे वेष्टन फाडून कचऱ्यात टाकलेले असते, आणि तो इशारा तिथेच राहतो.

याच जातीतल्या एरिथ्रिटॉलची गोष्ट वेगळी. त्याने रक्तातली साखर जवळजवळ हलत नाही आणि कॅलरीही नाममात्र असतात. घरगुती पाककृतींमध्ये ते आता सर्रास दिसते. पण ते जिभेवर विरघळताना उष्णता शोषून घेते, त्यामुळे तोंडात पेपरमिंटसारखा गारवा येतो. पेपरमिंट चॉकलेट करायचे असेल तर हा दोष गुण ठरतो. काजू-मनुक्याच्या चॉकलेटमध्ये मात्र खाणारा बुचकळ्यात पडतो. दुसरे म्हणजे ते कोको बटरमध्ये विरघळत नाही, आणि २५-३० मायक्रॉनहून मोठा कण जिभेला रवाळ लागतो. घरच्या मिक्सरला इतके बारीक दळणे जमत नाही. छोट्या प्रमाणावर कोकोच्या बियांपासून चॉकलेट करणारे लोक यासाठी दगडी चाकांचे जे यंत्र वापरतात, ते आपल्या दक्षिणेतल्या इडली-डोशाच्या वेट ग्राइंडरच्याच घराण्यातले आहे. त्यात मिश्रण दिवस दिवस फिरत राहते. आणि या यंत्राचे नाव ऐकून कोणी घरचा ग्राइंडर धुऊन, पण न वाळवता, त्यात चॉकलेट घातले तर काय होईल, हेही सांगायला हवे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तरी साखरेचे वा पर्यायी गोडव्याचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळा ऐवज चिकणमातीसारखा आवळून येतो. मध, सिरप, स्टेव्हियाचे पाण्यात केलेले थेंब यांनीही हेच होते. ‘माझे चॉकलेट का बिघडले’ या प्रश्नाचे उत्तर दहातल्या आठ वेळा ओला चमचा हेच असते.

एरिथ्रिटॉलवर शंकेचे सावटही आहे. २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांच्या अभ्यासात, रक्तातले एरिथ्रिटॉल जास्त असणे आणि हृदयविकार व पक्षाघात यांचा संबंध आढळला. एकामुळे दुसरे घडते, हे त्यातून सिद्ध होत नाही; शरीर स्वतःही थोडे एरिथ्रिटॉल बनवत असते. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेविना गोडी देणाऱ्या पदार्थांवर भिस्त ठेवू नये, असा सल्ला दिला. आपल्याकडे तो ‘कृत्रिम गोडवा विषारी’ अशा मथळ्यांनी फिरला. मूळ सल्ल्यातून आधीच मधुमेह असलेल्यांना वगळलेले होते आणि एरिथ्रिटॉल-माल्टिटॉलच्या जातीचे पदार्थ त्याच्या कक्षेत नव्हतेच, हे मथळ्यात मावले नसावे. घाबरण्याचे कारण नाही. मात्र वर्षातून दोनदा खाल्लेला तुकडा आणि ‘शुगर फ्रीच आहे’ म्हणून रोज रात्री उघडलेला डबा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या ठिकाणी जर्मनीचे उदाहरण आठवते. तिथे ‘मधुमेहींसाठी’ असा शिक्का असलेली चॉकलेटे, बिस्किटे, जॅम दशकानुदशके दुकानांत वेगळ्या फळीवर मिळत. साखरेऐवजी त्यांत फ्रुक्टोज किंवा सॉर्बिटॉलसारखे पर्याय असत. वैद्यकशास्त्राचा विचार बदलत गेला: मधुमेह असलेल्याला वेगळे अन्न लागत नाही, इतरांना हितकर तोच समतोल आहार त्यालाही हितकर, फ्रुक्टोजचा म्हणावा तसा फायदा नाही, आणि या पदार्थांत चरबी व कॅलरी नेहमीइतक्याच किंवा जास्त. अखेर २०१० साली तिथल्या आहारविषयक नियमावलीतून हा विशेष दर्जाच काढून टाकला आणि जुना माल संपवायला ऑक्टोबर २०१२ पर्यंत मुदत दिली. ज्या देशाने हा शिक्का इतकी वर्षे मिरवला त्यानेच तो पुसला, आणि आपण तो आता हौसेने छापून घेत आहोत. आमचा आक्षेप चॉकलेटपेक्षा त्या ‘खास’ या शब्दाला अधिक आहे. तो वाचला की खाणारा मोजणे थांबवतो. एरवी पेढा अर्धा मोडून घेणारे आजोबा ‘खास’ चॉकलेटे मात्र चार खातात आणि दुसऱ्या दिवशी ग्लुकोमीटरला दोष देतात.

म्हणजे घरी काही करूच नये का? तसे नाही. उलट घरी करणाऱ्याच्या हातात एक गोष्ट आहे जी कारखान्याच्या हातात नाही: तुकडा केवढा करायचा आणि त्यात चॉकलेटचा वाटा किती ठेवायचा. खऱ्या चॉकलेटच्या वेष्टनावर ७० टक्के, ८५ टक्के असा आकडा असतो. तो कोकोच्या बियांपासून आलेल्या एकूण भागाचा. उरलेला भाग, साध्या डार्क चॉकलेटमध्ये, जवळजवळ सगळा साखरेचा. ७० टक्क्यांचे १० ग्रॅम म्हणजे तीन ग्रॅम साखर. आता नुसते चॉकलेट साच्यात ओतण्याऐवजी ६० ग्रॅम मंद आचेवर भाजलेले बदाम, अक्रोड किंवा सोललेले शेंगदाणे घ्या. ४० ग्रॅम चॉकलेट वितळवून त्यात ते घोळवा आणि चमच्याने बटर पेपरवर दहा-दहा ग्रॅमचे खडबडीत ढीग टाका. प्रत्येकात चॉकलेट चार ग्रॅम, घातलेली साखर सव्वा ग्रॅमच्या आत. वर दोन दाणे खडे मीठ भुरभुरले तर कोकोचा कडूपणा मवाळ वाटतो. शेंगदाण्याऐवजी भाजलेले तीळ घेतले तर संक्रांतीलाही चालेल, मात्र तीळ चांगले गार होऊ द्यावेत. यात कोणताही पर्यायी गोडवा नाही, कंपाउंड नाही, आणि गारवाही नाही. पूर्ण साखरविरहितच हवे असेल तर साखर नसलेला कोको मास, थोडे कोको बटर आणि अगदी पिठासारखे दळून चाळलेले एरिथ्रिटॉल घेऊन करता येते. पोत थोडा रवाळ येणार हे आधीच मान्य करावे. कोको पावडर खोबरेल तेलात कालवून फ्रिजमध्ये घट्ट करण्याची जी सोपी कृती फिरते, तिच्याबद्दल इतकेच की खोबरेल तेल २४ अंशांना वितळते. मे महिन्यात ते चॉकलेट ताटलीतून उचलेपर्यंत बोटांवर येते.

कॅलरींचे काय? दाण्या-बदामातही त्या आहेतच, म्हणून ढीग दहा ग्रॅमचा आणि तोही जेवणानंतर एक. आणि चॉकलेटने आपली साखर किती वाढते हे पाहायचे असेल तर तासाभराने एकदाच तपासून थांबू नये. चरबीमुळे ग्लुकोज उशिरा चढते. दोन तासांनी आणि त्याही नंतर एकदा पाहावे. मूत्रपिंडाचा आजार सोबत असेल तर कोको आणि सुकामेवा दोन्हींतल्या पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

एका गोष्टीवर जरा थांबायला हवे, कारण तिथे चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर अचानक उतरते: घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे तुटक होते. अशा वेळेसाठी ‘खिशात एखादे चॉकलेट ठेवा’ असा सल्ला आपल्याकडे सहज दिला जातो. तो चुकीचा आहे. चॉकलेटमधल्या चरबीमुळे त्यातली साखर रक्तात पोचायला उशीर लागतो, आणि इथे मिनिटे मोलाची असतात. हवे असते ते १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोज पावडरीचे साधारण तीन चमचे पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना. व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर साधी साखरही पुरेशी लवकर लागू पडत नाही, कारण साखर फोडणारे विकर त्या गोळीने अडवलेले असते. तिथे ग्लुकोजच लागते. आणि खिशातले ते चॉकलेट सुनेने मायेने केलेले, खरोखर साखरविरहित असेल, तर त्या क्षणी त्याचा काहीच उपयोग नाही. घरात ‘शुगर फ्री’ डबा असेल तर शेजारी ग्लुकोजचा डबाही असावा आणि कोणता कशासाठी हे घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असावे.

विकणाऱ्यांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी, घटकांची यादी, तारीख हे सगळे नियमात आहेच आणि ते पाळायला हवे. पण आमची अपेक्षा त्याहून थोडी साधी आणि थोडी जास्त आहे. कारखान्यातल्या माणसाला विचारता येत नाही. टेबलामागच्या ताईंना येते. त्यांना प्रत्येक चमच्याचा पत्ता ठाऊक असतो. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे पुन्हा गेलो तेव्हा कंपाउंडच्या स्लॅबचे वेष्टन पिशवीत शिल्लक होते. त्यांनी ते काढले, चष्मा लावला आणि घटकांची ओळ बोट फिरवत वाचली. पहिलाच शब्द साखर होता. त्या काही बोलल्या नाहीत. मग हिरव्या स्टिकरांचा गठ्ठा उचलून टेबलाखाली ठेवला आणि विचारले, “सासऱ्यांना अर्धे दिले तर चालेल का, काका?”